चोपन्न पायऱ्या, एकशे अठ्ठेचाळीस ठोके

आपल्या लेडीज होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर जायला चोपन्न पायऱ्या आहेत. विश्वास नसेल तर मोजून बघा. इथे तीन-तीन वर्षं काढलेल्यांनीही त्या मोजल्या नसतील, आणि मोजायचं काही कारणही नाही म्हणा. मलाही नव्हतं, दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर मात्र एकेक पायरी माझ्या ओळखीची झाली. सत्ताविसावीच्या कडेचा टवका उडालाय. चाळिसावीवर कुणीतरी खिळ्याने मेसच्या पोळ्यांबद्दलचं आपलं मत कोरून ठेवलंय.

झालं असं की ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला. (होस्टेलमागच्या टाकीचं झाकण कुणी लावायचं यावर तेव्हा वाद सुरू होता. तो अजून सुरू आहे.) पाच दिवस दवाखान्यात सलाईन, मग घरी परभणीला अडीच आठवडे अंथरुणात. प्लेटलेट्स वर आल्या, ताप गेला, आई म्हणाली आता जा बाई, सबमिशन बुडेल. मी आले. बॅग वॉचमनकाकांनी वर नेऊन दिली, मी आपली हात हलवत जिना चढले आणि खोलीत जाऊन पलंगावर बसले ती बसलेच. छातीत इतकं धडधडत होतं की गळ्यातली चेन हलताना दिसत होती, असं रूममेट अजून सांगते. तिने आपलं स्मार्ट घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं. आकडा आला १४८.

"अगं, तू पळत आलीस का?" नाही. चालत. तेही रिकाम्या हाताने.

पहिल्या दिवशी वाटलं, आजारपणाचा अशक्तपणा. पण पंधरा दिवसांनीही तेच. जिना चढणं सोडा, बेसिनपाशी उभं राहून दात घासतानाही धडधड. कपडे वाळत घालायला हात वर केले की धडधड. सकाळी बाथरूमच्या रांगेत बादली घेऊन उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे. आणि गंमत म्हणजे आडवं पडलं की पाच मिनिटांत सगळं शांत, जणू काही झालंच नव्हतं.

होस्टेलमध्ये असं काही झालं की सल्ल्यांना तोटा नसतो. मेसच्या काकू म्हणाल्या, "पोरी, नीट जेवत जा." शेजारच्या खोलीतून "नजर लागलीय" आलं. एकीने इंटरनेटवर बघून मला तीन असाध्य रोग सांगितले. बहुमत मात्र एकाच निदानाचं होतं: टेन्शन. एम-थ्रीचं टेन्शन.

आता मी पडले इन्स्ट्रुमेंटेशनची. आकडा विचित्र आला की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, उपकरण बरोबर आहे का? मनगटावरचं घड्याळ नाडी कशी मोजतं? त्याच्या पोटाला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात थोडं जास्त रक्त येतं, परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो, आणि हा चढउतार फोटोडायोड टिपतो. कल्पना झकास आहे, पण हात हलला की पट्ट्याखालची त्वचाही हलते आणि त्या हालचालीचा सिग्नल ठोक्याच्या सिग्नलपेक्षा मोठा होऊ शकतो. मग घड्याळ बिचारं ठोक्यांऐवजी चक्क पावलं मोजायला लागतं. झपझप चालणाऱ्याची पावलं मिनिटाला शंभर-सव्वाशे पडतात, पळणाऱ्याची दीडशेच्या वर. म्हणजे चालताना घड्याळावर १२० दिसले तर ते हृदयाचे की चपलेचे, हे सांगता येत नाही!

म्हणून जुनी पद्धत. थांबायचं, मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवायची आणि १५ सेकंदांत ठोके मोजून चारने गुणायचं. यात एका ठोक्याची चूक म्हणजे अंतिम आकड्यात चारची चूक, हे लक्षात असू द्या. वर पोचल्या पोचल्या मोजायचं, कारण थांबल्यावर नाडी भराभर उतरते. माझे आले ३६, म्हणजे १४४. घड्याळ खोटं बोलत नव्हतं.

मग दवाखाना झाला. कुठला ते सोडा. नाडी ९२, बीपी नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, "हार्ट एकदम ओके आहे. अभ्यासाचं टेन्शन घेऊ नका. योगा करा." मी म्हटलं, सर, पण झोपल्यावर मला काही होतच नाही, होतं ते उभं राहिल्यावर. तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. (होता. आता नाही.) पण जरा विचार करा. साधा ईसीजी म्हणजे आडवं झोपवून घेतलेली साधारण दहा सेकंदांची नोंद. दिवसात सेकंद ८६,४००. मोटर लोडवर गरम होते अशी तक्रार आहे आणि आपण ती नो-लोडवर दहा सेकंद फिरवून सर्टिफिकेट दिलं, तर लॅबमध्ये सर काय म्हणतील? ईसीजी निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. हृदयाच्या वायरिंगमधले काही धोक्याचे दोष त्या दहा सेकंदांतही दिसतात आणि माझ्यात ते नव्हते, ही मोठीच गोष्ट होती. फक्त मी जो प्रश्न विचारला होता, त्याचं ते उत्तर नव्हतं.

बाबा परभणीहून आले. जिन्यात मी दोनदा बसले ते त्यांनी पाहिलं. रात्री आईला फोनवर हळू आवाजात म्हणत होते, "वर्षभर घरीच राहू दे. नाहीतर बाहेरून बीए करेल." मी जागी होते. माझ्या आधी आमच्या घरात कुणी इंजिनिअरिंगला आलेलं नाही. घरी नेलेली मुलगी वर्षभराने परत येतेच असं नाही, हे आमच्याकडच्या कुणालाही विचारा. त्या रात्री ठरवलं, की हे काय आहे ते मला कळलंच पाहिजे.

तर आधी थोडी थिअरी. कंटाळू नका, ही परीक्षेला नाही.

हृदय हा पंप. मिनिटाला किती रक्त फेकलं = ठोक्यांची संख्या × एका ठोक्याला फेकलेलं रक्त. बसलेल्या माणसाचे ७० ठोके, दर ठोक्याला सुमारे ७० मिलि, म्हणजे पाचेक लिटर. एवढं सूत्र कळलं तरी निम्मं काम झालं. कारण शरीराला हवा असतो प्रवाह. दर ठोक्याचं रक्त काही कारणाने कमी पडलं, किंवा रक्त आहे पण त्यात ऑक्सिजन कमी आहे, तर पंपाला एकच उपाय उरतो: वेग वाढवणं. म्हणजे वाढलेले ठोके हा पुष्कळदा मूळ बिघाड नसतोच. बिघाड दुसरीकडे असतो आणि कंट्रोल लूप आपलं काम चोख करत असतो. ताप आला की डिग्री सेल्सिअसमागे साधारण दहा ठोके वाढतात, ते याच प्रकारचं.

हा वेग ठरवतो कोण? हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका आहे, सायनस नोड. तो आपला ऑसिलेटर. कुणी ढवळाढवळ केली नाही तर तरुण माणसात तो मिनिटाला शंभरच्या आसपास चालतो. हृदयप्रत्यारोपण करताना मज्जातंतू तोडावे लागतात, म्हणून अशा माणसाचं नवं हृदय शांत बसल्यावरही ९० ते ११० च्या घरात राहतं. मग आपले ७० कसे? कारण व्हेगस नावाची नस सतत ब्रेक दाबून बसलेली असते. आपण उठून चालायला लागलो की शरीर आधी हा ब्रेक सोडतं आणि त्यानंतर ॲड्रेनालिनच्या यंत्रणेचा ॲक्सिलरेटर दाबतं. थोडक्यात, हलक्या कामाला ठोके वाढणारच. सावकाश चालताना शंभरी गाठली म्हणून घाबरायचं कारण नाही. दात घासताना १२५ मात्र चौकशीला पात्र.

दिवाळीनंतर बाबा मला एका वयस्कर फिजिशियनकडे घेऊन गेले. यावेळी मी वही घेऊन गेले होते. तारीख, वेळ, काय करत होते, आधी नाडी किती, नंतर किती, काय खाल्लं होतं, पाळीचा कितवा दिवस. सहा आठवड्यांच्या नोंदी. त्यांनी चष्मा वर करून अख्खी वही वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे वाढतं कसं? बटण दाबल्यासारखं, की नळ सोडल्यासारखं?"

काय प्रश्न आहे बघा! स्टेप की रॅम्प! ठोके एका क्षणात ८० वरून १८० वर उडी मारत असतील आणि तसेच एका क्षणात खाली येत असतील, तर संशय वायरिंगवर. काही जणांच्या हृदयात विजेला फिरायला एक जादा वाट असते, जन्मापासून. एखादा ठोका त्या वाटेने गोल फिरत बसतो आणि हृदय दीडशे-दोनशेने पळतं, बसल्याजागीसुद्धा. आमच्या मजल्यावरच्या एका ज्युनिअरला हेच होतं. ती कॅरम खेळता खेळता पांढरीफटक पडायची. तिलाही सगळे टेन्शनच म्हणत होते. शेवटी त्या दौऱ्यातच ईसीजी मिळाला म्हणून सापडलं. यावर डॉक्टरांकडून शिकून घ्यायची एक युक्तीही आहे: पंधरा सेकंद जोराने कुंथल्यासारखी फुंकर मारायची आणि लगेच आडवं पडून पाय वर करून धरायचे. व्हेगसचा ब्रेक कचकन लागतो. इंग्लंडमध्ये यावर चाचणी झाली, २०१५ साली छापून आली. पाय वर करण्याच्या या पद्धतीने ४३ टक्के लोकांची लय जागेवर आली, नुसत्या जुन्या फुंकरीने १७ टक्के. उपकरण काय, तर इंजेक्शनची रिकामी सिरिंज, दट्ट्या हलेल इतपत फुंकायला. तिची ती जादा वाट पुढे मांडीच्या शिरेतून तार घालून जाळून टाकली. आज ती बॅडमिंटन खेळते.

माझं मात्र नळ सोडल्यासारखं होतं. हळूहळू चढणारं, हळूहळू उतरणारं. म्हणजे ऑसिलेटर तोच, पण त्याला कुणीतरी "पळ" म्हणून सांगत होतं. कोण, ते शोधायचं.

रक्त तपासलं. थायरॉईड नॉर्मल. (थायरॉईड जास्त असेल तर झोपेतही नाडी जोरात राहते, वजन उतरतं, हात थरथरतात.) इको नॉर्मल, कारण डेंग्यूत क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, ती बघून घ्यायची होती. हिमोग्लोबिन १०.१.

"सापडला चोर!" बाबा म्हणाले.

गणित करून बघू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलि ऑक्सिजन धरतं. १३ हिमोग्लोबिन असलेल्या मुलीच्या १०० मिलि रक्तात १७.४ मिलि ऑक्सिजन, माझ्या १०० मिलि रक्तात १३.५. तेवढाच ऑक्सिजन पोचवायचा तर मला तिच्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के जादा रक्त फिरवावं लागणार. (शरीर रक्तातून थोडा जास्त ऑक्सिजन ओढूनही घेतं, म्हणून प्रत्यक्षात आकडा इतका सरळ नसतो.) आणि हे केवळ माझं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना आणि २५ टक्के पुरुषांना रक्तक्षय निघाला. आपल्या मेसमध्ये पंगतीला बसलेल्या मुलींकडे या आकड्याने एकदा बघा. मुलांनीही फार हसू नये, चारात एक तुमच्यातलाही आहे.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणाबरोबर चहा बंद, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू पिळून घ्यायचं, ते मदत करतं. एका वाक्यात लिहिलं, पण होस्टेलवर चहा सोडणं काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक!

दहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १२.४. आणि जिन्यावरचे ठोके? १४८ चे १३८ झाले. बस्स. चोर सापडला होता, पण तो एकटा नव्हता.

याच सुमारास डॉक्टरांनी होल्टर लावला. छातीला चिकटवलेल्या पट्ट्या आणि कमरेला काडेपेटीएवढा डबा, चोवीस तासांचा ईसीजी. सोबत डायरी लिहायची. या डब्याच्या मागे आपल्याच जातकुळीची माणसं आहेत, त्यामुळे थोडं विषयांतर. ईसीजी ज्याने शक्य केला तो हॉलंडमधल्या लायडनचा विलेम आइन्थोव्हेन. त्याचं यंत्र पावणेतीनशे किलोंच्या आसपास, चालवायला पाच माणसं, आणि पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत! इलेक्ट्रोड म्हणजे बादल्या. यंत्र दवाखान्यात नेता येईना, म्हणून १९०५ च्या सुमाराला त्याने दवाखान्यातून दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेने सिग्नल आणला. १९२४ चं नोबेल त्याला मिळालं. पुढे अमेरिकेतल्या माँटानाच्या नॉर्मन होल्टर नावाच्या जीवभौतिकशास्त्रज्ञाला वाटलं, माणूस झोपलेला असताना काय बघता, तो वावरत असताना बघा. त्याचा पहिला संच पाठीवर घ्यायचा, वजन सुमारे ३८ किलो. ते ओझं घेऊन तो स्वतः व्यायामाच्या सायकलवर बसला. ट्रान्झिस्टर आले, संच लहान झाला आणि १९६१ साली त्याचा लेख 'सायन्स'मध्ये आला. ३८ किलोंची काडेपेटी झाली ती आपल्या धंद्यामुळे, हे ईटीसीच्या मित्रांनी कॉलर ताठ करून वाचावं.

माझ्या होल्टरचा दिवस मुद्दाम ओरलच्या दिवशी ठेवून घेतला. म्हटलं होऊनच जाऊ दे. निकाल असा: पहाटे चारला झोपेत ५२. दात घासताना १२४. जिन्यावर १४१. आणि ओरलला, एक्स्टर्नलसमोर खुर्चीत बसून, ज्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती ते प्रश्न चालू असताना, १०२.

पुन्हा वाचा. ओरलला १०२, दात घासताना १२४. टेन्शन असतं तर उलटं असायला हवं होतं. (की टूथपेस्टचं टेन्शन येतं कुणाला?) सगळे ठोके सायनस नोडमधूनच निघालेले, आडवाट कुठेही नाही. तो कागद मी लॅमिनेट करून घेतलाय.

मग डॉक्टरांनी जी टेस्ट केली तिला यंत्र लागलं ते फक्त बीपीचं. दहा मिनिटं आडवं झोपायचं, नाडी आणि बीपी घ्यायचं. मग उभं राहायचं, टेकायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. दहा मिनिटं दर थोड्या वेळाने मोजत राहायचं. माझं आडवी असताना ७४. उभी राहून एका मिनिटाला १०४, तीनला ११२, पाचला ११६, दहाला ११९. बीपी ११२/७२ वरून ११०/७६, म्हणजे पडलं नाही. ४५ ठोक्यांची वाढ, नुसतं उभं राहून.

असं का? आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पाय आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे कमी परततं, दर ठोक्याचं माप घटतं. मानेतल्या आणि महाधमनीतल्या प्रेशर सेन्सरना हे लगेच कळतं, ते मेंदूला कळवतात, मेंदू पायांच्या रक्तवाहिन्या आवळतो आणि ठोके थोडे वाढवतो. निरोगी माणसात दहा-वीस. पण आवळण्याचं काम नीट झालं नाही, किंवा एकूण रक्ताचं पाणीच कमी असलं, तर सगळा भार ठोक्यांवर येतो. चालताना निदान पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. बादली घेऊन रांगेत नुसतं उभं राहणं म्हणूनच चालण्याइतकंच, कधी कधी जास्तच, वाईट. माझ्या वहीत हे आधीपासून लिहिलेलं होतं, मलाच दिसलं नव्हतं.

प्रौढांमध्ये उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ३० किंवा जास्त ठोके वाढून टिकले (१२ ते १९ वयात ४०), बीपी मात्र पडलं नाही, उभं राहिल्यावर त्रास आणि झोपल्यावर आराम असं निदान तीन महिने चाललं, आणि रक्तक्षय, थायरॉईड, पाणी कमी पडणं, औषधं अशी दुसरी कारणं निघाली नाहीत, तर त्याला पॉट्स म्हणतात. पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम. नाव भलं मोठं, अर्थ एवढाच की उभं राहिलं की ठोके वाढतात. डॉक्टरांनी हे नाव हिमोग्लोबिन वर येईपर्यंत उच्चारलं नव्हतं, ते का, हे मला तेव्हा कळलं. एक व्हेरिएबल आधी बाजूला काढायचं, मग दुसरं.

हे नाव अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून १९९३ मध्ये आलं. दुखणं त्याहून पुष्कळ जुनं असावं. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना धडधड, धाप, थकवा असं व्हायचं आणि तपासून काही सापडायचं नाही. जेकब दा कोस्टा या डॉक्टरने १८७१ मध्ये त्यावर लेख लिहिला, त्यात अनेकांना हे ताप किंवा जुलाबांच्या आजारानंतर सुरू झाल्याची नोंद आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या थॉमस लुईसने त्याला श्रमाशी जोडलेलं नाव दिलं आणि सैनिकांना पायरीपायरीने वाढवलेल्या कवायतीवर ठेवलं. त्या सगळ्यांना पॉट्सच होतं असं नाही, त्या पोत्यात बरंच काही एकत्र भरलं होतं. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांना असा त्रास झाला, तेव्हापासून डॉक्टरांच्या कानावर हे नाव जास्त आहे. हे जास्त करून तरुण बायकांमध्ये दिसतं. "टेन्शन" हे निदान इतक्या सहज का मिळतं, याचा थोडा उलगडा त्यात असावा असं मला वाटतं. चुकीचंही असेल.

अंथरुणाचाही वाटा होताच. अमेरिकेत डॅलसला १९६६ मध्ये वीस वर्षांच्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरायची क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयाने त्यांचं केलं नव्हतं तेवढं नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं! पीएलमध्ये गादीवर पडून अभ्यास करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता उपाय. सकाळी उठायच्या आधी पलंगावरच दोन ग्लास पाणी. दिवसभर पाण्याची बाटली. जेवणात जादा मीठ, पण हे मला डॉक्टरांनी मोजून दिलंय. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्याने ऐकीव माहितीवर करू नये. पोटरी घट्ट धरणारे लांब मोजे. आंघोळीला कढत पाणी बंद, स्टूलवर बसून आंघोळ, कारण गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. ताटभर भात एकदम नाही. आणि व्यायाम आडवा! आधी जमिनीवर पडून पायांचे, मग जिमखान्यातल्या सायकलवर पाच मिनिटं, दर आठवड्याला दोन मिनिटं जास्त. पहिल्या महिन्यात व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी मी अक्षरशः गादीला चिकटलेली असायचे आणि सोडून द्यावंसं वाटायचं. गोळ्याही असतात, मला अजून लागल्या नाहीत.

कॉलेजमध्ये सांगायला मी घाबरत होते. वर्कशॉपला तीन तास उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा. शेवटी लॅमिनेट केलेला कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, ओरलचा आकडा बघून हसले आणि लॅब असिस्टंटना म्हणाले, "हिला एक स्टूल द्या." एवढंच. रेक्टर मॅडमनी तळमजल्यावरची खोली देऊ केली. ती मी घेतली नाही. हट्ट म्हणा. त्याऐवजी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवायची परवानगी मागितली.

एक गोष्ट मात्र माझ्या कथेवरून ठरवू नका. व्यायाम करताना शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धडधडीबरोबर एकाएकी दम लागला, एका पायाला सूज आली, ठोके अनियमित वाटले, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर वही-बिही लिहीत बसू नका. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा आणि हे सगळं तिथे तोंडाने सांगा. दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, रात्री जागायला घेतलेली एनर्जी ड्रिंक्स यांनीही ठोके वाढतात. काय घेतो ते लपवू नका. आणि उभं राहण्याची टेस्ट एकट्याने करू नका, पडलात तर धरायला कुणी हवं.

मे महिन्यात बाबा न्यायला आले, सुट्टीसाठी. बीएचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. वर येताना ते दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत टेकले. मी म्हटलं, "बाबा, तुमची नाडी बघू." पंधरा सेकंदांत २९.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "जरा बसा." त्या दिवशी माझे तिसऱ्या मजल्यावर ११८ होते. या आठवड्यात डॉक्टरांकडे त्यांचा नंबर लावलाय. खुर्ची अजून तिथेच आहे. भाजीची पिशवी घेऊन चढणाऱ्या मेसच्या काकू आता रोज तीत बसतात.

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन